विद्यार्थ्यांचे नैराश्य आणि विचारांचे शिक्षण

(मळवली, ता. मावळ, जि. पुणे येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मळवली हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची, पाठीशी लोहगड आणि विसापूर, आणि खोऱ्यातून देहू-आळंदीकडे वाहत जाणारी इंद्रायणी. पर्यटकांना हे स्थानक लेण्यांमुळे ठाऊक असते. भाजे, पाटण, देवले, कार्ला, वेहेरगाव, ताजे या परिसरातील मुलामुलींच्या दृष्टीने मात्र ते पुढील शिक्षणाचे दार आहे. गावची शाळा संपली की लोणावळा, तळेगाव किंवा पुणे गाठावयाचे. तेथे वर्ग मोठा, भाषा वेगळी, सोबती अनोळखी. घरात दहावीच्या पुढे जाणारे ते पहिलेच मूल असेल तर साऱ्या कुटुंबाची आशा त्याच्या दप्तरात भरलेली असते. अशा मुलाच्या अंगात ताप भरला तर घरातील कोणाच्याही ते लक्षात येते. त्याचे मन खचू लागले तर ते ओळखणार कोण आणि त्याला सावरणार कोण, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

नैराश्य म्हणजे आळस नव्हे

परीक्षेत गुण कमी पडले, मैत्री तुटली, घरात कोणी दगावले, तर मन उदास होते. ते स्वाभाविक आहे आणि काही दिवसांत ओसरते. नैराश्य हा आजार त्याहून वेगळा. दिवसाचा बहुतेक वेळ, बहुतेक दिवस आणि निदान दोन आठवडे मन खिन्न राहते किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी जाते. झोप आणि भूक बिघडते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, स्वतःविषयी तुच्छता वाटू लागते आणि उद्याचा दिवस नकोसा होतो. किशोरवयात याचे रूप पुष्कळदा खिन्नतेपेक्षा चिडचिडीचे असते. खेळात पुढे असणारा मुलगा मैदानाकडे फिरकेनासा होतो, वहीला वही लावून बसणारी मुलगी मैत्रिणींना टाळू लागते, शाळेला दांड्या पडतात, पोटदुखी-डोकेदुखीच्या तक्रारी वाढतात. मोठी माणसे त्याला आळस, उद्धटपणा किंवा ‘वयाचा दोष’ म्हणतात आणि नेमका मदतीचा काळ निघून जातो.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात हे प्रमाण सरासरी तीन मुलांचे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद असून त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील आहेत. त्या वर्षी राज्यांमध्ये हा आकडा महाराष्ट्रात सर्वाधिक होता. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असते असे नव्हे, कारणे अनेक आणि गुंतलेली असतात. परंतु वेळीच ओळखल्यास आणि मदत मिळाल्यास यांतील पुष्कळ जीव वाचू शकतात, याविषयी जाणकारांत दुमत नाही.

घटना, विचार आणि भावना

नैराश्यावर औषधे आहेत आणि ती गरजेप्रमाणे घ्यावयासच हवीत. परंतु आजार जडण्यापूर्वीच मनाची प्रतिकारशक्ती वाढविता येईल काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात मानसशास्त्रज्ञांनी पुढे आणला. त्याच्या मुळाशी एक साधा विचार आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये एक दुवा असतो आणि तो म्हणजे त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास या तत्त्वावर आपली उपचारपद्धती उभारली. पुढे १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांना नैराश्याच्या रुग्णांमध्ये एक समान गोष्ट दिसली. स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी त्यांच्या मनात आपोआप प्रतिकूल विचार उमटत आणि ते विचार तपासून न पाहताच खरे मानले जात. विचारांची ही सवय ओळखून बदलण्यास रुग्णाला शिकविले तर नैराश्य हटू लागते, असे बेक यांनी दाखवून दिले. सवय शिकविता येते, तर ती आजारापूर्वीच का शिकवू नये? विद्यार्थ्यांसाठीच्या विचारप्रशिक्षणाचा उगम या प्रश्नात आहे.

एक उदाहरण घेऊ. नववीतील एका विद्यार्थ्याला गणिताच्या पहिल्या चाचणीत शंभरपैकी ३८ गुण मिळाले. ही झाली घटना. त्याच्या मनात येते : “मला गणित येतच नाही. मी मठ्ठ आहे. दहावीत मी नापास होणार. आईबाबांचे कष्ट फुकट गेले.” चार वाक्यांत एका चाचणीचे रूपांतर आयुष्याच्या निकालात झाले. यात तीन चुका आहेत. एका प्रकरणातील अपयश त्याने सर्व विषयावर आणि नंतर स्वतःच्या बुद्धीवर पसरविले. आजची अडचण त्याने कायमची ठरविली. जे अजून घडलेले नाही ते घडल्यासारखेच मानले. अमेरिकेतील मार्टिन सेलिगमन यांनी अशा विचारपद्धतीची लक्षणे सांगितली आहेत. ती साध्या मराठीत सांगावयाची तर ‘हे कायमचे आहे’, ‘हे सगळीकडेच आहे’ आणि ‘हे केवळ माझ्यामुळेच आहे’ अशी सांगता येतील.

प्रशिक्षणात विद्यार्थी हे शब्द कागदावर उतरवितो आणि त्यांची उलटतपासणी करतो. पुरावा कोणता? उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली तर समीकरणांच्या प्रश्नांत गुण गेले, भूमितीचे मात्र बहुतेक मिळाले. दुसरे कारण संभवते काय? समीकरणे शिकविली त्या दिवसांत तो तापाने घरी होता. मग वस्तुस्थितीला धरून वाक्य कोणते? “समीकरणांचा भाग माझा कच्चा राहिला आहे, तो मला पुन्हा शिकावा लागेल.” या वाक्याने आनंद होणार नाही, वाईट वाटेलच. परंतु या वाईट वाटण्यातून हात-पाय गळत नाहीत, उलट पुढचे पाऊल कोणते ते दिसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विचारांचे शिक्षण म्हणजे ‘नेहमी चांगलाच विचार करा’ हा उपदेश नव्हे. ३८ गुण मिळालेल्या मुलाने “मी अत्यंत हुशार आहे” असे दहा वेळा म्हटल्याने काहीच साधत नाही, कारण त्याचा त्यालाच विश्वास बसत नाही. खोट्या निराशेची जागा खोट्या आशेने घ्यावयाची नसून दोहोंची जागा तपासलेल्या सत्याने घ्यावयाची आहे. विज्ञानाच्या तासाला प्रयोगाविना निष्कर्ष काढू नये असे आपण शिकवितो. तोच नियम स्वतःच्या मनाला लावणे, इतकाच याचा अर्थ.

विचाराला कृतीची जोड

विचारांची तपासणी एकटी पुरत नाही. मन खचले की माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की आनंदाचे आणि यशाचे लहान लहान प्रसंगही कमी होतात आणि त्यामुळे मन अधिकच खचते. हे चक्र कृतीच्या बाजूनेही तोडता येते. रोज अर्धा तास मैदानावर जाणे, एका मित्राला भेटणे, अभ्यासाचा ठरलेला लहानसा भाग पुरा करणे, अशी कामे लिहून ठेवावयाची आणि मन लागो न लागो ती करावयाची. उत्साह आल्यावर काम करू असे म्हणणाऱ्याला पुष्कळ वाट पाहावी लागते. काम सुरू केल्यावर उत्साह मागाहून येतो, असाच बहुतेकांचा अनुभव आहे.

या पद्धतीची एक महत्त्वाची कसोटी आपल्या शेजारच्या गोव्यात झाली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या प्रौढ रुग्णांसाठी अशाच कृतिप्रधान समुपदेशनाचा प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते किंवा मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक लोकांतून निवडून, प्रशिक्षण देऊन त्यांना तयार केले होते. सहा ते आठ भेटींच्या या कार्यक्रमाने रुग्णांना स्पष्ट लाभ झाला आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या देशाला या प्रयोगातून मोठा धडा मिळतो. योग्य प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर सामान्य माणूसही हे काम करू शकतो.

शाळांतील अनुभव काय सांगतो?

सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १० ते १३ वर्षे वयाच्या मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचार तपासण्याचे आणि अडचणी सोडविण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या मुलांत नैराश्याची लक्षणे कमी आढळली. त्यानंतर अनेक देशांत असे कार्यक्रम झाले. त्यांचा एकत्रित अनुभव उत्साहवर्धक असला तरी सरसकट नाही, आणि तो नियोजन करणाऱ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शासकीय माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. काही शाळांत तो स्वतंत्रपणे नेमलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकाने चालविला, काही शाळांत शिक्षकाने चालविला आणि उरलेल्या शाळांत नेहमीचेच वर्ग चालू राहिले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली आणि विद्यार्थ्यांतील नैराश्याची लक्षणेही घटली. जेथे तेच काम शिक्षकावर सोपविले होते तेथे असा लाभ दिसला नाही. ब्रिटनमध्येही ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांना शिक्षकांकरवी एकाग्रतेचे व सजगतेचे धडे देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या धड्यांचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक उपयोग आढळला नाही.

यावरून शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्याकडे पूर्ण वेळापत्रक, परीक्षा, नोंदवह्या आणि अध्यापनाबाहेरची नाना कामे आहेत, त्याच्यावर आणखी एक काम टाकले की ते उरकले जाते. शिवाय गुण देणाऱ्या आणि शिस्त लावणाऱ्या व्यक्तीपुढे मन उघडे करणे मुलाला अवघड जाते. सर्व मुलांना एकदा सभागृहात बसवून व्याख्यान दिले आणि अहवाल पाठविला, म्हणजे प्रतिबंध झाला असे समजू नये. पोहणे जसे फळ्यावर शिकविता येत नाही तसेच हेही. त्याला लहान गट, पुनःपुन्हा सराव, मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती आणि स्वतंत्र राखून ठेवलेला वेळ लागतो.

दिल्लीच्या शासकीय शाळांत ‘संगत’च्याच कार्यकर्त्यांनी नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक आटोपशीर पद्धत वापरली. अडचण नेमकी सांगावयाची, तिच्यावरील पर्याय मांडावयाचे, त्यांतील एक निवडून करून पाहावयाचा. समुपदेशकाच्या थोड्या भेटी आणि सोबत गोष्टीरूप पुस्तिका, एवढाच तिचा व्याप होता. केवळ पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा समुपदेशकाची जोड मिळालेल्या मुलांच्या, त्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी अधिक कमी झाल्या. पुस्तक उपयोगी असते, पण ऐकून घेणाऱ्या माणसाची जागा ते घेत नाही.

महाराष्ट्रातील पाया

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. समर्थ रामदासांनी श्लोक रचले ते मनाला उद्देशून. याच इंद्रायणीच्या काठी देहूला राहिलेल्या तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतःच्या मनाशी वाद घातला, त्याची समजूत काढली. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करून कोणतीही समजूत बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहण्याचा आग्रह धरला. मनाशी बोलणे आणि समजुती तपासणे, या दोन्ही गोष्टी मराठी माणसाच्या परिचयाच्या आहेत.

एलिस यांची पद्धत महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्याकडे जाते. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ काळ पत्रव्यवहार होता आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द या संदर्भात मराठी वाचकांना त्यांच्या लेखनामुळे परिचित झाला. डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने हा विचार शाळा, पालक आणि महाविद्यालये यांच्यापर्यंत नेला. मळवलीपासून जवळच, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आसने आणि श्वसनाचे अभ्यास यांमुळे ताण हलका होण्यास साहाय्य होते. विचारांच्या शिक्षणाची जागा ते घेत नसले तरी त्याला पूरक ठरतात.

मर्यादा ओळखल्या पाहिजेत

या शिक्षणाचा दुरुपयोगही होऊ शकतो. ज्या मुलाच्या घरी दारूपायी रोज मारहाण होते, ज्याची फी भरली गेलेली नाही, जी मुलगी दहावीनंतर लग्नाच्या बोलण्याने धास्तावली आहे, किंवा कातकरी-ठाकर वस्तीवरून येणाऱ्या ज्या मुलाला वर्गात जातीवरून हिणविले जाते, त्याला “तुझा विचार बदल” असे सांगणे हा अन्यायावर आणखी एक अन्याय होय. तेथे चूक मुलाच्या विचारात नसते, परिस्थितीत असते. हिणविणे थांबविले पाहिजे, फीची सोय झाली पाहिजे, बालविवाह रोखला पाहिजे. विचारांचे शिक्षण त्याला इतकेच सांगू शकते की, हा दोष तुझा नाही आणि मदत मागणे हा दुबळेपणा नाही.

दुसरी मर्यादा आजाराच्या तीव्रतेची. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, स्वतःला इजा करीत असेल, जेवणखाण टाकून बसले असेल, तर त्याला विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे आणि तोपर्यंत एकटे सोडू नये. “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय?” असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे आणि आपुलकीने विचारल्यास मुलाला बोलण्याची वाट मिळते. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय यंत्रणेकडून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे.

शाळा आणि पंचायत यांनी काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संबंध जोडावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि साहाय्य क्रमांक ठळकपणे लावावेत, असा त्यांचा आशय आहे. डोंगरकपारीतील लहान शाळांना स्वतंत्र समुपदेशक मिळणे कठीण. तेथे एका केंद्रातील चार-सहा शाळांनी मिळून एका प्रशिक्षित व्यक्तीचे ठरलेले वार वाटून घेणे व्यवहार्य ठरेल.

आठवीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी आठ-दहा जणांचा गट, आठवड्यातून एक तास आणि आठ आठवडे, एवढ्यावर आरंभ करता येईल. साधन एकच, साधी वही. तिच्यात चार रकाने असावेत : काय घडले, मनात काय आले, त्याला पुरावा काय, आता करावयाचे काय. ही वही विद्यार्थ्याची खाजगी राहील, तिला गुण नसतील आणि ती वर्गात वाचून दाखविली जाणार नाही, हे पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. विश्वास एकदा मोडला की पुढचे सारे शिक्षण व्यर्थ होते.

शिक्षकाचा वाटा वेगळा आणि तितकाच मोलाचा आहे. मूल स्वतःविषयी जे बोलते ते पुष्कळदा मोठ्यांकडून ऐकलेले असते. “तू मठ्ठच राहणार” या शेऱ्यात मघाच्या उदाहरणातील सर्व चुका आहेत. “हे उदाहरण तुला अजून जमलेले नाही, तिसऱ्या पायरीवर चुकले आहे” या शेऱ्यात त्या नाहीत. शेरा कामावर असावा, मुलावर नसावा. त्यासाठी वेगळा तास लागत नाही, निधीही लागत नाही. वर्गात एकाएकी गप्प झालेले मूल हेरून त्याच्याशी दोन शब्द बोलणे आणि गरज वाटल्यास समुपदेशकाकडे पाठविणे, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाला साधणार नाही.

पंचायतीने काय करावे, याचे उत्तर विदर्भात सापडते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या आजाराविषयी बोलण्यास सुरुवात केली. कार्यक्रमापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी अवघे ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आजार लपविण्याची लाज कमी झाली की माणसे मदत घेतात, हे त्यातून दिसते. ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय घेणे, आशा कार्यकर्त्यांना त्यात गुंतविणे, १४४१६ हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर रंगविणे, गावचे मैदान आणि वाचनालय मुलांसाठी संध्याकाळी खुले ठेवणे, ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार गावोगाव होतो, तो व्हावाच. परंतु त्याच आठवड्यात जे अनुत्तीर्ण झाले त्यांच्या घरीही कोणीतरी जावे आणि पुरवणी परीक्षेची तारीख, अर्जाची मुदत व पुढील अभ्यासक्रमांची माहिती द्यावी. ‘सारे संपले’ हा त्या मुलाच्या मनातील विचार खोटा आहे, याचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे दारात आलेले असे माणूस.

लसीकरणाचे महत्त्व खेड्यापाड्यांत पटण्यास पुष्कळ वर्षे लागली, परंतु शाळा, आरोग्य केंद्र आणि पंचायत एकत्र आल्यावर ते घराघरांत पोहोचले. मनाच्या आरोग्याचे काम त्याहून संथ आहे, कारण येथे एका टोचणीने भागत नाही, सवय लावावी लागते. मात्र ती एकदा लागली की आयुष्यभर उपयोगी पडते. मळवलीच्या स्थानकावरून रोज सकाळी शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आपण पुस्तके देतो, पास देतो, शिष्यवृत्ती देतो. अपयशाच्या दिवशी स्वतःच्या मनाला “याला पुरावा काय?” असे विचारण्याची सवयही त्यांच्याबरोबर द्यावी, आणि उत्तर एकट्याला सापडले नाही तर कोणाकडे जावयाचे ते ठिकाणही दाखवून द्यावे.